चांगदेव पासष्टी पहिल्यांदा वाचताना

देव सगळ्यात वर, त्याच्याखाली सिद्ध आणि संत, मग आपण, आपल्या खाली पशुपक्षी आणि दगडधोंडे, अशी एक उतरंड आपल्या मनात लहानपणापासून असते. या उतरंडीत माणसाची जागा नेमकी कोणती, हा प्रश्न जगभरच्या कवींनी हाताळला. मराठीत तो ज्ञानदेवांनी अवघ्या पासष्ट ओव्यांत हाताळला आणि माझ्या मते उतरंडच मोडून टाकली. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्यांसमोर दडपून जाणाऱ्या वाचकाला मी आधी ही कविता देतो. मोठ्याने वाचली तर पाव तासात संपते. तरी पुष्कळ जण पहिल्या पाच-दहा ओव्यांत अडकून पुस्तक मिटतात. तसं होऊ नये म्हणून ही वाट सुचवतो आहे.

आधी पत्राची गोष्ट समजून घ्या

ही कविता म्हणजे एका पत्राचं उत्तर आहे. हे डोक्यात ठेवलं नाही तर निम्मी पासष्टी कळत नाही.

परंपरेतली कथा अशी. चांगदेव हे मोठे योगी, योगबळावर चौदाशे वर्षं जगलेले. आळंदीच्या चार भावंडांची कीर्ती ऐकून त्यांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यावरच अडले. वयानं पाहावं तर समोरचा पोर, त्याला ‘चिरंजीव’ लिहायला हवं. ज्ञानानं पाहावं तर तो थोर, त्याला ‘तीर्थरूप’ लिहायला हवं. काहीच ठरेना, तेव्हा त्यांनी कोरा कागदच शिष्याबरोबर धाडला. तो पाहून धाकटी मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगूनही चांगदेव कोराच राहिला. निवृत्तिनाथांनी मात्र त्या कोरेपणाचा मान राखला आणि ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं. तेच हे उत्तर.

चौदाशे वर्षांचा आकडा कथेचा आहे, तो तसाच राहू द्या. ज्ञानदेवांचा काळ मात्र ठाऊक आहे. रूढ कालगणनेनुसार जन्म शके ११९७, म्हणजे इसवी सन १२७५. नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. आळंदीला समाधी घेतली १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला. म्हणजे हे उत्तर लिहिणारा विशीच्या आसपासचा होता.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. ही भावंडं ‘संन्याशाची पोरं’ म्हणून वाळीत टाकलेली होती. वडिलांनी संन्यास सोडून पुन्हा संसार केला, त्याचा दंड मुलांनी भोगला. ज्यांना समाजाच्या उतरंडीत सगळ्यात खालची पायरीही धड मिळाली नाही, त्यांच्यातल्या एकाला एक मान्यवर योगी विचारतो आहे की तुला वरचा समजू की खालचा. उत्तरात ज्ञानदेव ना स्वतःला वर बसवतात, ना चांगदेवांना खाली. पासष्टी वाचताना मला दर वेळी याच गोष्टीचं सर्वांत जास्त मोल वाटतं.

कोणती प्रत घ्यावी

मूळ ओवी, तिच्याखाली अन्वय आणि मग साधा अर्थ, एवढं देणारी कोणतीही सार्थ प्रत चालेल. आळंदी-पंढरपूरच्या पुस्तकांच्या दुकानांत लहान पुस्तिका मिळतात. प्रत्येक ओवीवर चार-चार पानं भाष्य असलेला ग्रंथ पहिल्या वाचनाला घेऊ नका. भाष्यकार विद्वान असतो, पण त्याचा आवाज मोठा असतो आणि ज्ञानदेवांचा आवाज त्यात बुडतो. दोन प्रतींत शब्द थोडे वेगळे, ओव्यांचे क्रमांक एखाद-दुसऱ्याने पुढेमागे दिसले तर घाबरू नका. जुन्या पोथ्यांत पाठभेद असायचेच.

पहिलं वाचन मोठ्याने, अर्थाशिवाय

अर्थाचा भाग हाताने झाका आणि सगळ्या ओव्या एका बैठकीत मोठ्याने वाचा. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड, मोकळा असतो. तिसऱ्यानंतर अर्धा श्वास थांबलात की चौथा आपोआप नीट पडतो. ‘सोनें’, ‘तेंवि’ यांवरचे अनुस्वार ठासून उच्चारू नका, हलका नासिक स्पर्श पुरे.

या फेरीत काही कळलं नाही तरी चालेल. कान तयार होणं महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा असंच वाचा आणि मगच पुढे जा.

छोटे शब्द आधी पक्के करा

जड तत्त्वज्ञानाच्या शब्दांपेक्षा नवख्याला अडवतात ते बारके जोडशब्द. ‘जेंवि… तेंवि’ म्हणजे जसं… तसं. ‘जंव जंव… तंव तंव’ म्हणजे जसजसं… तसतसं. ‘कां’ दिसला की लगेच प्रश्न समजू नका, बहुतेक ठिकाणी तो ‘किंवा’ असतो आणि पुढे नवा दृष्टान्त येत असल्याची खूण असतो. ‘येऱ्हवीं’ म्हणजे एरवी. ‘मिसें’ किंवा ‘व्याजें’ म्हणजे निमित्ताने. शब्दाच्या शेवटचा ‘चि’ म्हणजे आपला ‘च’. ‘ऐकिजे’, ‘देखिजे’ म्हणजे ऐकलं जातं, पाहिलं जातं. एवढे शब्द वहीच्या एका पानावर लिहून पुस्तकात ठेवलेत की कोशाची गरज निम्म्याने कमी होते.

आरंभाच्या सहा ओव्या एका वाक्यासारख्या वाचा

पहिली ओवी अशी आहे:

स्वस्ति श्रीवटेशु । जो लपोनि जगदाभासु ।
दावी मग ग्रासु । प्रगटला करी ॥

‘स्वस्ति श्री’ हा पत्राचा मायना. ज्या मायन्यावर चांगदेव अडले होते, तिथूनच उत्तर सुरू होतं. आणि वंदन कोणाला? वटेशाला, म्हणजे चांगदेवांच्याच वटेश्वराला. पत्र ज्याला जायचं त्याच्या देवाला नमस्कार करून ज्ञानदेव बोलायला लागतात. तो लपतो तेव्हा जगाचा आभास दाखवतो आणि प्रकट होतो तेव्हा तो आभास गिळून टाकतो, असं ते म्हणतात.

यापुढच्या ओव्यांच्या शेवटाकडे पाहा. कुठे ‘जो’, कुठे ‘जया’. ते सगळे ‘जो’ त्या पहिल्या वटेशाचेच. म्हणून प्रत्येक ओवी सुटी घेतली तर कर्ता सापडत नाही, आणि सहाही सलग घेतल्या तर कोडं राहत नाही. अर्थ लावताना आधी चौथा चरण पाहायचा आणि मग मागे यायचं, ही युक्ती इथे फार कामाला येते.

तिसऱ्या ओवीवर थोडं थांबा:

बहु जंव जंव होये । तंव तंव कांहींच न होये ।
कांहीं नहोनि आहे । अवघाचि जो ॥

तो जसजसा अनेक होतो, तसतसं काहीच घडत नाही. काही न होता तोच सगळा आहे. हे ऐकून गोंधळ होतो, तो होऊ द्या. पुढच्याच ओवीत हात धरायला दृष्टान्त येतो.

सोनं, पाणी, लुगडं: इथे दिवस घालवा

सोनें सोनेपणा उणें । न येतांचि झालें लेणें ।
तेंवि न वेंचतां जग होणें । अंगें जया ॥

सोन्याचा दागिना झाला, पण त्यात सोनेपण कणभर कमी झालं नाही. तसंच स्वतः खर्ची न पडता तो अंगाने जग झाला. ‘न वेंचतां’ या शब्दांवर बोट ठेवा. देवाने जग केलं म्हणजे स्वतःपासून काहीतरी तोडून बाहेर टाकलं, असं इथे मुळीच नाही.

कल्लोळकंचुक । न फेडितां उघडें उदक ।
तेंवि जगेंसीं सम्यक् । स्वरूप जो ॥

कंचुक म्हणजे अंगातला झगा. पाण्याने लाटांचा झगा घातला आहे आणि तो न उतरवताही पाणी उघडंच आहे. लाट शांत झाल्यावर पाणी दिसेल, असं ज्ञानदेव म्हणत नाहीत. लाट उसळत असतानाच पाणी दिसतं आहे. ‘जगेंसीं’, म्हणजे जगासकट, तो पुरता आहे.

इथे बहुतेक नवे वाचक एक ऐकीव गोष्ट आणून चिकटवतात: जग खोटं, माया, ते सोडलं की देव भेटतो. ज्ञानदेवांच्या या कवितेचा कल तसा नाही. त्यांच्या लेखी जग हा देवावरचा पडदा नव्हे, ते देवाचं स्फुरण आहे. सहाव्या ओवीत ‘विश्वस्फूर्ति’ हा शब्दच येतो: परमाणूंचे ढीग पृथ्वीच्या रूपात आले म्हणून काही हरवत नाही, तसा हा विश्वाच्या स्फूर्तीने झाकला जात नाही. अभ्यासक ज्ञानदेवांच्या या विचाराला चिद्विलास किंवा स्फूर्तिवाद म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, लाट आणि पाणी लक्षात राहिले पाहिजेत. आपण कुठे आहोत या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. लाटेला पाण्याच्या जवळ जायला पायऱ्या लागत नाहीत.

थोडं पुढे लुगडं येतं: ‘जेंवि नाममात्र लुगडें । येऱ्हवीं सूतचि तें उघडें’. नाव लुगड्याचं, डोळ्यांना दिसतं ते सूतच. त्याच ओवीत माती आणि मडकं आहे. दृष्टान्त सोनाराचे, कुंभाराचे, कोष्ट्याचे आणि काठावर उभं राहून नदी पाहणाऱ्याचे. वाळीत टाकलेल्या मुलांनी ज्या वस्तीतून हिंडून भिक्षा मागितली, त्याच वस्तीतल्या वस्तू या विचाराला पुरल्या. घरातली एखादी वस्तू हातात घेऊन ही ओवी म्हणून पाहा. मुलांना समजावताना तर याहून सोपं साधन नाही.

मधला भाग पहिल्या फेरीत हलका सोडा

यानंतर त्रिपुटीचा विचार सुरू होतो: पाहणारा, पाहिलं जाणारं आणि पाहणं. हे तीन वेगळे दिसतात, पण मुळात ते तीन आहेत का? सुताच्या गुंडीचा दृष्टान्त इथे येतो, आत-बाहेर दुसरं काही नाही, सूतच. मग आरसा आणि मुख येतं. आरशापुढे उभं राहिलं की मुख मुखाला पाहतं, पण आरसा काढला म्हणून मुख नाहीसं होत नाही. ते पाहणं-दाखवणं यांच्या आधीपासून आहेच.

हा भाग खरोखर अवघड आहे. यात बुडालात तर पुढचा सगळ्यात सुंदर भाग राहून जाईल. पहिल्या फेरीत फक्त एवढं धरा: ज्ञानदेव ‘मी देवाला पाहतो’ या वाक्यातली ‘मी’ आणि ‘देवाला’ यांच्यामधली भिंत खरवडत आहेत. बाकी दुसऱ्या फेरीला.

‘चांगया’ अशी हाक येते तिथून आवाज बदला

कवितेच्या अर्ध्यावर ज्ञानदेव अचानक माणसाकडे वळतात:

तया पुत्र तूं वटेश्वराचा । रवा जैसा कापुराचा ।
चांगया मज तुज आपणयाचा । बोल ऐके ॥

कापराचा रवा म्हणजे कापराचा कण. कण लहान असला तरी तो पुरता कापूरच. त्या वटेश्वराचा तू असा पुत्र आहेस. मायन्याचा प्रश्न इथे सुटला. ना तीर्थरूप, ना चिरंजीव, नुसतं ‘चांगया’. हाकेत जवळीक आहे, पण उपमर्द शोधूनही सापडत नाही.

यापुढे काही ओव्या अशा आहेत की त्यांना अर्थ सांगत बसू नये, फक्त म्हणाव्यात. माझं बोलणं तू ऐकणं म्हणजे तळहाताने तळहातालाच मिठी मारणं. बोलानेच बोल ऐकावा, स्वादानेच स्वाद चाखावा. आणि मग:

गोडिये आपली गोडी । घेतां काय न माये तोंडीं ।
आम्हां परस्परें आवडी । तो पाडु असे ॥

गोडीनेच स्वतःची गोडी चाखायची म्हटलं, तर ती तोंडात मावणार नाही असं कसं होईल? आपली एकमेकांवरची आवड त्या तोलाची आहे. तत्त्वज्ञानाच्या ऐन मध्यावर ‘आवडी’ हा शब्द येतो, हे विसरू नका. दोघे मुळात एकच, मग प्रेम कोणी कोणावर करायचं? ज्ञानदेव हा पेच टाळत नाहीत. पुढच्याच ओवीत ते म्हणतात:

सखया तुझेनि उद्देशें । भेटावया जीव उल्हासे ।
कीं सिद्धभेटी विसकुसे । ऐशिया बिहे ॥

सख्या, तुला भेटावं म्हणून जीव हरखतो. पण भेट तर आधीच झालेली आहे, ती या भेटण्याने विस्कटेल की काय, अशी भीती वाटते. ज्याने अद्वैत इतकं पुरतं सांगितलं, तोच मित्राला भेटायला आतुर आहे. विचाराने ओढ वाळून गेलेली नाही. माणूस देवाच्या जवळचा की दूरचा हे शाब्दिक पातळीवर कितीही घोळवलं, तरी या ओवीतल्या हुरहुरीइतकं ते खरं होत नाही, असं मला वाटतं. इथे पुस्तक उघडं ठेवून थोडा वेळ बसा.

‘मीच देव’ म्हणण्याआधी मिठाची ओवी वाचा

जग खोटं मानणं ही एक चूक. दुसरी तिच्या उलट टोकाची: ‘म्हणजे मीच देव, संपलं.’ उत्साही वाचक इथे हमखास घसरतो. त्याच्यासाठी ज्ञानदेवांनी आधीच दोन ओव्या ठेवल्या आहेत.

लवण पाणियाचा थावो । माजि रिघोनि गेलें पाहो ।
तंव तेंचि नाहीं मा काय घेवो । माप जळा ॥

मीठ पाण्याचा ठाव घ्यायला आत शिरलं. तिथे मीठच उरलं नाही, मग पाण्याचं माप घेणार कोण? आणि लगेच:

तैसें तुज आत्मयातें पाही । देखों गेलें तंव मीचि नाहीं ।
तेथें तूं कैंचा काई । कल्पावया जोगा ॥

तुला पाहायला गेलो तर मीच उरलो नाही, मग ‘तू’ तरी कल्पायला कुठला? ज्याला ‘मीच देव’ म्हणून मिरवायचं आहे, त्याला हा पहिला ‘मी’च इथे पाण्यात टाकावा लागतो. पासष्टी माणसाला वरच्या पायरीवर चढवत नाही, जिने मोजणारा उरूच देत नाही. या दोन ओव्या पाठ करा. दोन्ही चुकांवर एकच औषध आहे.

शेवटाकडे कवितेनेच दिलेली सूचना पाळा

शेवट जवळ आला की ज्ञानदेव श्रेय गुरूला, म्हणजे थोरल्या भावाला देतात: चांगदेवा, तुझं निमित्त करून निवृत्तिराजांनी आपल्या अनुभवाचं रसाळ खाद्य लोभाने दिलं. ‘लोभें’ म्हणजे मायेने. मग ती प्रसिद्ध ओवी:

एवं ज्ञानदेव चक्रपाणी ऐसे । दोन्ही डोळस आरिसे ।
परस्पर पाहतां कैसे । मुकले भेदा ॥

चक्रपाणी हे चांगदेवांनाच संबोधन. दोन डोळस आरसे समोरासमोर ठेवले आणि एकमेकांना पाहता पाहता भेद सुटला. मधल्या भागात अवघड वाटलेला आरसा इथे सोपा होऊन परत येतो. दुसऱ्या वाचनात मधला भाग आता पुन्हा उघडा. या ओवीच्या उजेडात तो बराच सुटतो.

यानंतरची ओवी वाचकासाठी आहे. याच रीतीने जो या ओव्यांचा आरसा करील, तो आत्मसुखाला मिळेल, असं ज्ञानदेव सांगतात. म्हणजे वाचायची पद्धतही त्यांनीच देऊन ठेवली: माहिती गोळा करायला वाचू नका, स्वतःला पाहायला वाचा. व्यवहारात मी असं सुचवतो. सकाळी एक ओवी घ्या, अर्थ एकदा पाहा, आणि दिवसभरात ज्याच्याशी वर-खालीपणाचं वागणं होतं, मग तो वरिष्ठ असो, घरी काम करणारी बाई असो की आपलं मूल असो, त्याच्याशी बोलताना ती आठवा. ओवी खरी कळली की नाही, ते तिथे समजतं. जमल्यास दोघांनी मिळून वाचा, एकाने ओवी म्हणायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल. पत्राला दोन टोकं लागतात, तशी ही कविता दोघांत जास्त उघडते.

पुढे काय

कथेचा उरलेला भाग, वाघावर बसून आलेले चांगदेव आणि त्यांना सामोरी गेलेली भिंत, तुम्हाला ठाऊक असेलच. ती भिंत आळंदीत आजही दाखवतात. जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे, तिथलं जुनं दगडी मंदिर पाहण्यासारखं आहे. चांगदेवांची समाधी गोदावरीकाठी पुणतांब्याला आहे. परंपरा सांगते की पुढे चांगदेवांनी मुक्ताईला गुरू केलं. ज्या मुलीने त्यांना कोरं म्हटलं, तिच्याच पायाशी ते बसले.

म्हणून पासष्टीनंतर लगेच अमृतानुभव घेऊ नका. तो आठशेच्या आसपास ओव्यांचा आणि याच विचाराचा, पण चढ उभा आहे. आधी मुक्ताईचे ताटीचे अभंग वाचा. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीचं दार लावून बसले आणि धाकटी बहीण बाहेरून समजूत घालते आहे, असा तो प्रसंग. त्यानंतर पासष्टी पुन्हा एकदा सलग वाचा आणि मग अमृतानुभवाचं पहिलं प्रकरण उघडा. शिव आणि शक्ती यांच्या त्या वर्णनात सोनं, पाणी आणि आरसा ओळखीचे झालेले असतील.